शिळं आणि जुनं

आमच्या घरात ‘शिळं’ हा शब्द चवीचा नाही, काळाचा आहे. अन्नाला वास यावा, बुरा यावा आणि मग त्याला शिळं म्हणावं, अशी वाट आम्ही बघत नाही. दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. दही आठ प्रहरांपर्यंत. रात्री उरलेली भाजी सकाळी ताटात येत नाही. वेळ उलटली की अन्नात डोळ्यांना न दिसणारे जीव उत्पन्न होतात आणि ते खाणं म्हणजे नकळत हिंसा, हे त्यामागचं कारण.

अशा घरात वाढलेल्या बाईसमोर कुणी दहा वर्षांचा रस्सा आणून ठेवला, तर तिनं काय करावं?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. लेक नोकरीनिमित्त मेक्सिको सिटीत असते. तिच्याकडे गेले तेव्हा तिनं मोठ्या हौसेनं पोलांको भागातल्या ‘पुहोल’मध्ये नेलं. एन्रिके ओल्वेरा या स्वयंपाक्यानं २००० साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, हे सुरू केलं. आज जगातल्या नावाजलेल्या भोजनगृहांत त्याची गणती होते. २०२४ साली मिशेलिनचं मानांकन पहिल्यांदाच मेक्सिकोत आलं, तेव्हा त्याला दोन तारे मिळाले. तिथं आपण मागू ते मिळत नाही. ठरलेले पदार्थ एकामागून एक येतात, बशीत घासभर, आणि प्रत्येकाची हकिगत सांगितली जाते. काय वर्ज्य आहे ते मात्र आरक्षण करतानाच सांगता येतं, आणि आमची यादी काही लहान नव्हती. सूर्यास्ताचा प्रश्न आला नाही. त्या देशात मुख्य जेवण दुपारी दोन-तीनलाच असतं.

या भोजनगृहाचा सगळ्यात गाजलेला पदार्थ म्हणजे ‘मोले माद्रे’. मोले म्हणजे सुक्या मिरच्या, तीळ, दाणे, बदाम, मसाले, टोमॅटो, कधी थोडा कोको असं वीस-तीस जिनसांचं वाटण तासन् तास शिजवून केलेला दाट रस्सा. माद्रे म्हणजे आई. ओल्वेरांनी एकदा केलेला मोले संपवलाच नाही. तो रोज गरम करायचा, त्यात नवा घालायचा, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. असं करता करता हजार दिवस झाले, मग दोन हजार, आणि आता त्याचं वय दहा वर्षांच्या पुढे गेलं आहे. बशीत काळपट जुन्या मोल्याचं मोठं वर्तुळ असतं, त्याच्या मधोमध त्या दिवशी केलेल्या विटकरी मोल्याचा ठिपका. ना मांस, ना भाजी, ना चमचा. मक्याची गरम तोर्तिया तोडायची आणि त्याला लावून खायची. आपण भाकरीनं आमटी पुसून घेतो तसंच.

मी ती बशी बघत बसले आणि मला तत्त्वार्थसूत्राचा तास आठवला. ज्याला ‘सत्’ म्हणायचं, त्यात उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही तिन्ही असतात, हे आम्हाला पाठशाळेत पढवलेलं. उत्पन्न होणं, नाश पावणं आणि तरीही टिकून राहणं, एकाच वेळी. पंडितजी सोन्याच्या कड्याचा दाखला द्यायचे. कडं मोडून हार केला. कडं गेलं, हार आला, सोनं तेच. दाखला समजायचा, पण मनात उतरायचा नाही. इथं एक रस्सा रोज थोडा संपतो, रोज थोडा नवा होतो, आणि तरी लोक त्याला तोच म्हणतात. आमच्या दर्शनाचं एवढं सोपं उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही. आणि आमच्याच दर्शनानं तो खाणं मला वर्ज्य केलेलं.

मी तो खाल्ला नाही. तोर्तिया खाल्ली, त्यात दाबून बसवलेल्या ‘ओखा सांता’च्या सुवासिक पानासकट.

लेक तिथं काही बोलली नाही. घरी आल्यावर बोलली. “आई, लोक जगभरातून येतात गं हे खायला. त्या माणसानं दहा वर्षं जपलंय ते. तू बोटसुद्धा लावलं नाहीस. हा त्याचा अपमान नाही का?” आणि मग तिचा खरा प्रश्न आला. “तुझ्या ‘नाही’मध्ये जगातल्या किती माणसांना तू कमी लेखतेस, याचा कधी विचार केलास?”

आपल्या सगळ्यांच्याच मुली आज कुठं ना कुठं, पुण्यात, टेक्सासात, सिंगापुरात, हा प्रश्न विचारत आहेत. त्याचं उत्तर ‘आपल्यात चालत नाही’ एवढ्यावर भागत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट नकाराची. नकार म्हणजे अपमान, हे समीकरण आपल्याला तरी परकं असायला हवं. आपल्याकडे मुनिमहाराज आहाराला निघतात तेव्हा दारोदारी श्रावक पडगाहनाला उभे असतात. पहाटेपासून चौका लावलेला असतो. महाराजांनी मनात जो विधी धरलेला असेल तो जुळला नाही की ते पुढे निघून जातात. आहार सुरू असताना ओंजळीत केस निघाला तर अंतराय होतो, आणि ते तसेच उपाशी परततात. त्या घरच्या बाईच्या डोळ्यांत पाणी येतं, पण आपला अपमान झाला असं तिच्या मनात येत नाही. कारण तो नकार तिच्या अन्नाला नसतो. तो महाराजांनी स्वतःला घातलेल्या बंधनातून आलेला असतो. नकार कुणाच्या दिशेनं तोंड करून उभा आहे, हे पाहावं. तो माझ्याकडे बघत असेल तर ते व्रत. तो समोरच्याकडे बघून नाक मुरडत असेल तर तो अहंकार, मग ताटात कितीही शुद्ध असो. ‘आम्ही नाही बाई असलं खात’ यातलं ‘असलं’ हे मोल्यापेक्षा जास्त शिळं आहे.

दुसरी गोष्ट अवघड आहे. तिथला आणखी एक प्रसिद्ध पदार्थ म्हणजे कोवळी मक्याची कणसं. ती दुधी भोपळ्यासारख्या वाळक्या तुंब्यात, धुरासकट येतात. त्यांना लावलेल्या चटणीत कॉफी असते आणि ‘चिकाताना’ मुंग्यांची पूड असते. दक्षिणेकडच्या ओआहाका प्रांतात वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की या पंखवाल्या मुंग्या वारुळातून बाहेर पडतात. वर्षातून थोडेच दिवस. लोक पहाटेच्या अंधारात त्या गोळा करायला जातात, तव्यावर भाजतात, वाटतात. ही तिथल्या गावांची शतकानुशतकांची चाल आहे.

पहिला पाऊस आपल्याकडेही पडतो. पंखवाले किडे आपल्याही दिव्याभोवती येतात. आपल्याकडे त्या संध्याकाळी दिवे लवकर मालवतात, की ते येऊन मरू नयेत. साधू-साध्वी चार महिने एका जागी राहतात तेही याचसाठी, की पावसानं भूमी जिवांनी भरलेली असते. तोच पाऊस, तेच पंख. तिकडे एक गाव टोपली घेऊन निघतं, इकडे एक घर दिवा मालवतं.

आता इथं मी ‘त्यांचंही बरोबर, आपलंही बरोबर’ असं म्हटलं तर ते ऐकायला बरं वाटेल. अनेकान्ताचं नाव घेऊन हल्ली पुष्कळ जण तसं म्हणतात. पण अनेकान्त म्हणजे सगळंच खरं असं नव्हे. मुंगी हा तीन इंद्रियांचा जीव आहे. स्पर्श, रस, गंध तिला कळतात. ती ओआहाकात मेली म्हणून तिचं मरण हलकं होत नाही. हे मी मानते आणि लेकीलाही तसंच सांगितलं.

मात्र एवढं मानून मी न्यायाधीश होत नाही. कारण हिशेब मांडायला बसलं की आपलं पानही कोरं राहत नाही. मुंगीसाठी हळहळणाऱ्या आपल्यातल्या किती बायका रेशमी शालू नेसून पंचकल्याणकाला जातात? एका शालूसाठी हजारो कोश उकळत्या पाण्यात पडतात. जोंधळ्याच्या रानात फवारणी होते तेव्हा काय मरतं, ते आपण मोजत नाही. ओआहाकाची बाई वर्षातून काही पहाटे मुंग्या वेचते, आणि तिला ती नेमकं काय करते आहे ते माहीत असतं. आपली हिंसा पुष्कळदा दुकानातून घडी घालून येते. म्हणून तिच्या ज्ञानाचा मी आदर करते, तिच्या कृतीत सामील होत नाही, आणि माझा हिशेब तिच्यापेक्षा चोख आहे असंही समजत नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र धरता येतात. हात भरून येतात, पण धरता येतात.

पैशाबद्दलही बोलायला हवं. तिथं एका माणसाच्या जेवणाला जे लागतं, त्यात आमच्या घरचं महिन्याचं वाणसामान येईल. मका, मिरची, चुना ही गरिबाची सामग्री इतक्या किमतीला विकावी का? यालाही दुसरी बाजू आहे. मेक्सिको सिटीत एके काळी महागडं जेवण म्हणजे प्रामुख्यानं युरोपी थाटाचं. तोर्तिया घरी खायची, पाहुण्याला नाही. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत भाकरी वाढणं कमीपणाचं होतं तसंच. देशी मक्याच्या तिथं साठाच्या आसपास जाती आहेत. त्या डोंगरातल्या लहान शेतकऱ्यांनी टिकवल्या. त्या मक्याला शहरात मान आणि दाम मिळू लागला, त्यात अशा स्वयंपाक्यांचा वाटा आहे. २०१० साली युनेस्कोनं तिथल्या पारंपरिक पाककलेला वारशाचा दर्जा दिला. आणि २०२४ च्या त्याच मिशेलिन यादीत ‘एल कालिफा दे लेओन’ या टपरीवजा टाको-दुकानालाही एक तारा मिळाला, जिथं लोक उभ्यानं खातात. आपलं आपल्याला थोर वाटायला परक्याचा शिक्का लागतो, हे मला खटकतं. पण २०२३ चं आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरं झाल्यावरच आपल्या मोठ्या हॉटेलांच्या तक्त्यांवर ज्वारी मानानं झळकू लागली. तेव्हा बोट दाखवायला आपल्याला जागा नाही.

श्रावकाला या बाबतीत सांगितलेलं व्रत मोठं शहाणं आहे. भोगोपभोग-परिमाण. त्यात बंदी नाही, माप आहे. आणि ते माप ज्यानं त्यानं आपल्या शक्तीप्रमाणे ठरवायचं. तोर्तियाचंच बघा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात, मग धुऊन दळतात. अगदी काटेकोर सोवळ्यात हे बसणार नाही. माझं व्रत तितकं नाही, म्हणून मी खाल्ली. माझी रेघ तोर्तिया आणि मोले यांच्या मधून जाते. एखाद्या प्रतिमाधारी बाईची ती दाराबाहेरच असेल. रेघ कुठं आहे यापेक्षा ती आपण जाणून ओढली आहे की नुसती वारशानं मिळाली आहे, हे महत्त्वाचं.

त्या चुन्याचीही एक गोष्ट आहे. अमेरिका खंडातून मका युरोपात गेला तेव्हा दाणे गेले, चुन्याची रीत गेली नाही. ती आदिवासी बायकांची खटपट कुणाला महत्त्वाची वाटली नाही. पुढं उत्तर इटलीतली गरीब माणसं केवळ मक्यावर जगू लागली आणि पेलाग्रा नावाच्या रोगानं पिढ्यान् पिढ्या पीडली गेली. त्वचा सोलली जायची, बुद्धी भ्रमायची. चुन्यामुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व शरीराला मिळतं, हे पुष्कळ उशिरा कळलं. वस्तू उचलली, तिच्यामागचं शहाणपण मागं राहिलं.

आपल्या नियमांचं असंच होत आहे असं मला वाटतं. आपण मुलींना दाणे देतो, चुना देत नाही. बटाटा खाऊ नकोस, एवढंच सांगतो. प्राचीन आचार्यांना बटाटा ठाऊकही नव्हता. तो दक्षिण अमेरिकेतून आला, पोर्तुगिजांबरोबर, मिरचीच्या मागोमाग. आपल्या पूर्वजांनी त्याच्याकडे पाहिलं, तो जमिनीखाली वाढतो, एका कंदात अनंत जीव, असा विचार केला आणि त्याला वर्ज्यात घातलं. मिरची वेलदोड्याशेजारी डब्यात जाऊन बसली. म्हणजे ते यादी पाठ करत नव्हते, नव्या वस्तूसमोर जुनं तत्त्व लावून बघत होते. जुन्या मोल्यात नवा मोले घालत होते म्हणा ना.

शिळं आणि जुनं यांत मला आता फरक दिसतो तो हा. ज्याला रोज विस्तव लागतो आणि ज्यात रोज ताजं पडतं, ते जुनं होतं. नुसतं झाकून ठेवलेलं असतं, ते शिळं होतं. अन्नाच्या बाबतीत मी अजूनही घड्याळच बघणार. पण नियमांना घड्याळ नाही, त्यांना फक्त विस्तव आहे, आणि तो विचारणाऱ्याच्या प्रश्नातून येतो. तेव्हा पोरीनं ‘का’ विचारलं तर चिडू नये. ‘आपल्यात असंच असतं’ म्हणून तिला गप्प करू नये. उत्तर ठाऊक असेल तर द्यावं, नसेल तर दोघींनी मिळून शोधावं. तिला ते पटेलच असं नाही. माझ्या लेकीला मुंगीचं पटलं, मोल्याचं पटलेलं नाही. ती तो खाते. आमचं बोलणं मात्र सुरू आहे.