क्षमा केली, म्हणून भरपाई सोडावी काय?

खोपटच्या एस.टी. आगारासमोर सायंकाळी मोठी दाटी असते. आगारातून सुटणाऱ्या गाड्या, स्टेशनकडे धावणाऱ्या रिक्षा आणि हातातील फोनवर नजर लावून आपली गाडी शोधणारे प्रवासी. पूर्वी रिक्षावाल्याला हात दाखवावा लागे. आता फोनच्या पडद्यावर बोट ठेवले की वाहन दारात येते. प्रवास सुकर झाला, यात शंका नाही. परंतु अशा प्रवासात इजा झाली तर नुकसानभरपाई कोणाकडे मागावी, हा प्रश्न अनेकांना पडतो. आणि श्रद्धावंताला त्याहून अवघड प्रश्न पडतो, की ती मागावी की नाही?

हा प्रश्न आमच्याकडे एका पावसाळ्यात आला. आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी घरी शिवणकाम करून संसाराला हातभार लावते. फोनवरून बोलावलेल्या रिक्षातून ती खोपटहून घरी परतत होती. पुढच्या भाड्यासाठी वाजणाऱ्या फोनकडे चालकाचे लक्ष गेले, रिक्षा दुभाजकावर आदळली आणि तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. चालक जेमतेम चोवीस वर्षांचा, कल्याणकडचा. दुसऱ्या दिवशी तो शहाळी घेऊन रुग्णालयात आला आणि "मावशी, माझी चूक झाली" म्हणून रडू लागला. तिने डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

तिच्या पतीने आम्हांला विचारले, "फादर, लोक म्हणतात दावा लावा. पोराला क्षमा केली आणि आता कोर्टात जायचे, हे आपल्या धर्मात बसते का?"

आम्ही क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, "क्षमा केलीत ना? मग सोडून द्या. प्रभू पाहून घेईल."

चार महिन्यांनी त्यांच्या घरी जाण्याचा योग आला. शिवणयंत्रावर चादर पडली होती. मनगट वळत नव्हते. सोन्याच्या बांगड्या गहाण पडल्या होत्या आणि थोरल्या मुलीने महाविद्यालय सोडून एका दुकानात नोकरी धरली होती. आमच्या सल्ल्याची किंमत त्या मुलीने मोजली होती. क्षमा करताना तिचे मत कोणी विचारले नव्हते. आम्ही तर नाहीच नाही.

त्या रात्री आम्ही जे आधी करायला हवे होते ते केले, बायबल उघडले. निर्गमाच्या २१व्या अध्यायात एक नियम आहे. दोघांच्या भांडणात एकाच्या माराने दुसरा अंथरुणाला खिळला आणि पुढे काठी टेकीत हिंडूफिरू लागला, तर मारणारा शिक्षेतून सुटतो. मात्र जखमीचा जो वेळ बुडाला त्याची भरपाई आणि तो पूर्ण बरा होईपर्यंतचा खर्च त्याच्यावर राहतो. शिक्षा टळली तरी भरपाई टळत नाही. या दोन गोष्टी परमेश्वराच्या नियमाने वेगळ्या केल्या होत्या. आम्ही घाईने त्या एकत्र केल्या होत्या.

शुभवर्तमानातही तेच दिसते. प्रभू येशू जक्कयाच्या घरी गेला तेव्हा त्याने आधी हिशेब मागितला नाही. आपण होऊन त्याच्याकडे उतरला. परंतु ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करीन, असे जक्कय म्हणाला, तेव्हा प्रभूने 'राहू दे, क्षमा झाली' असे म्हटले नाही. त्या घराला तारण लाभले आहे, हेच त्याने जाहीर केले. क्षमेने जक्कयाच्या मनाचे दार उघडले आणि त्या दारातून लोकांचे पैसे परत गेले.

संत थॉमस अक्वायनस यांनी परतफेडीचा विचार न्यायाच्या सद्‌गुणाखाली केला आहे. अवयव गमावलेल्या माणसाला अवयव परत देता येत नाही. तेव्हा शक्य ती भरपाई, पैशाच्या वा सन्मानाच्या रूपाने, केलीच पाहिजे असे ते सांगतात. पेरलेल्या शेताची नासधूस करणाऱ्याने हाती यायच्या संपूर्ण पिकाची किंमत द्यावी असे नाही, कारण पीक अन्य कारणानेही बुडू शकते. परंतु परिस्थिती पाहून काही भरपाई देणे त्याला भाग आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही (परिच्छेद २४८७) न्याय व सत्य यांविरुद्धच्या अपराधाची भरपाई करण्याचे कर्तव्य अपराध्याला क्षमा मिळाल्यावरही उरते, अशी शिकवण आहे.

यावर कोणी म्हणेल, अंगरखा मागणाऱ्याला झगाही देण्यास प्रभूने सांगितले नाही का? सांगितले आहे. पण झगा आपला स्वतःचा असेल तर तो द्यावा. मुलीचा झगा देऊन आपण उदार होऊ शकत नाही. संत पौलाने करिंथकरांना आपसांतील तंट्यांसाठी कोर्टाची पायरी चढल्याबद्दल खडसावले, हेही खरे. परंतु फिलिप्पै येथे विनाचौकशी फटके मारून नंतर गुपचूप सोडून देऊ पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना 'स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्या' असे बजावणारा आणि पुढे कैसराकडे दाद मागणारा पौलच होता. न्याय मागणे आणि सूड घेणे यांतील अंतर तो ओळखून होता.

आपल्या देशाचा कायदाही या बाबतीत सूडाचा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे प्रत्येक वाहनाला त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा सक्तीचा आहे, आणि भाड्याच्या वाहनातील प्रवाशालाही त्याचे संरक्षण मिळते. जखमीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. तो अपघाताच्या किंवा आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणाकडेही करता येतो. चालकाचा दोष सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आणि मृत्यूसाठी पाच लाख रुपये मिळण्याची तरतूदही त्यात आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत घातली व ती एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या मुदतीला न्यायालयात आव्हान दिले गेले असले तरी त्या भरवशावर कोणी थांबू नये. 'सोडून द्या' म्हणणाऱ्या आम्हांला ही मुदत ठाऊक नव्हती, हे येथे कबूल केले पाहिजे.

भरपाई ठरवताना न्यायालये माणसाकडे पाहतात. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की शरीराचे अपंगत्व जितके टक्के, तितकीच कमाई बुडते असे नाही. हात गमावलेल्या चालकाची आणि हात गमावलेल्या कारकुनाची हानी सारखी नसते. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मनगटाला हेच तत्त्व लागू नाही का? आणि ती केवळ घरकाम करीत असती, तरी तिचे श्रम फुकट ठरले नसते. २०२१ च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात गृहिणीच्या श्रमाचे मोल मान्य करताना न्यायालयाने २०१९ च्या सरकारी पाहणीचा आधार घेतला. त्या पाहणीनुसार स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनमोल घरकाम करतात, पुरुष ९७ मिनिटे.

मग त्या गरीब चालकाचे काय? हा प्रश्न विचारणारे मन चांगलेच आहे. परंतु परवाना व विमा वैध असेल तर भरपाई विमा कंपनी देते. चालकाची चूल विझत नाही. आणि त्याच्या फोनवर भाड्यांचा भडिमार करणाऱ्या व्यवस्थेचीही काही जबाबदारी आहेच. डोंबिवलीच्या एका प्रवासी महिलेचे विमान २०१८ मध्ये उबरच्या गाडीच्या दिरंगाईमुळे चुकले. आपण केवळ चालक व प्रवासी यांची गाठ घालून देतो, असा कंपनीचा बचाव होता. ठाण्याच्या ग्राहक आयोगाने २०२२ मध्ये तो फेटाळला आणि मानसिक त्रासापोटी १०,००० व दाव्याच्या खर्चापोटी १०,००० रुपये देण्याचा आदेश दिला. रक्कम लहान होती. पण नफा घेणाऱ्याला जबाबदारी झटकता येत नाही, हे त्यातून ठरले.

मात्र हक्क मागणाऱ्यावरही एक बंधन आहे, ते सत्याचे. रुग्णालयाच्या आवारात मध्यस्थ फिरतात. अपंगत्वाचे आकडे फुगवण्याचे, खोटे साक्षीदार उभे करण्याचे मार्ग सुचवतात. 'पैसे विमा कंपनीचे, कोणाचे काय जाते?' असे त्यांचे म्हणणे. पण विम्याचा निधी सर्वांच्या हप्त्यांतून जमतो. खोटा दावा करणारा उद्याच्या खऱ्या जखमीच्या वाट्यातून घेतो आणि त्याच्याविषयी संशयही पेरून ठेवतो. खरी भरपाई सोडून देण्यास आपण बांधलेले नाही. खोटी भरपाई न घेण्यास मात्र आपण आठव्या आज्ञेने बांधलेले आहोत.

पाचव्या महिन्यात आम्ही त्या कुटुंबाची क्षमा मागितली आणि त्यांच्याबरोबर वकिलाकडे गेलो. हात मुळीच उचलता येत नाही असे लिहावे, असे कोणीतरी सुचवले, तेव्हा ती भगिनी म्हणाली, "चहाचा कप उचलता येतो. सुई धरता येत नाही. तेवढेच लिहा." त्या तरुण चालकालाही आम्ही बोलावले. दाव्यात त्याचे नाव का येणार, हे त्याला समजावले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला की आपण फोनकडे पाहत होतो, हे आपण स्वतः सांगू. रुग्णालयात त्याने ढाळलेल्या अश्रूंपेक्षा हे वाक्य आम्हांला अधिक मोलाचे वाटले. अर्ज दाखल झाला आहे. निकाल यायचा आहे.

चांगल्या शोमरोन्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवले, हे आपल्या लक्षात राहते. पण पुढे त्याने उतारशाळेच्या मालकाच्या हाती दोन दीनार ठेवले आणि अधिक खर्च झाल्यास परतताना देईन असे वचन दिले, हे आपण विसरतो. त्याच्या करुणेला खर्चाचे भान होते. आपल्या शेजारी कोणी जखमी होऊन घरी आले, तर त्याला क्षमेचा उपदेश अवश्य करावा. पण त्याआधी औषधाचे बिल किती झाले, घरात कोणाची कमाई थांबली आणि अर्जाची मुदत कधी संपते, एवढे विचारावे. आम्ही ते विचारले नव्हते.