शुश्रूषेचे ऋण कोणाच्या माथी?

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणाऱ्या यात्रेत नवस फेडण्यासाठी पाठीत गळ टोचून घेण्याची रूढी प्रसिद्ध आहे, आणि ज्याने मागितले त्यानेच आपल्या देहाने फेडावे, ही ऋणाची कल्पना तिच्या मुळाशी आहे. परिचारिकांच्या शिक्षणावर शासनाने खर्च करावा काय, या प्रश्नातही तीच कल्पना नकळत शिरते. सरकारी पैशाने शिकलेल्या मुलीने आदिवासी पाड्यांवर राबून उपकार फेडावेत, असे सहज म्हटले जाते. येथे मुळात ऋणको कोण, याचा विचार मात्र होत नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य म्हणजे औषध, उपस्थाता म्हणजे रुग्णाची परिचर्या करणारा, आणि रोगी. उपस्थात्याच्या गुणांत उपचारज्ञता, म्हणजे परिचर्येचे ज्ञान, प्रथम येते. अनुराग, म्हणजे रुग्णाविषयीची आपुलकी, त्यानंतर. याउलट गीतेच्या अठराव्या अध्यायात परिचर्या हे शूद्राचे स्वभावज, म्हणजे जन्मजात प्रकृतीतून येणारे, कर्म ठरते. आणि जे स्वभावातच आहे ते शिकवायचे कशाला व त्याचे मोल द्यायचे कशाला, हा निष्कर्ष मग आपोआप निघतो. पुढे हाच न्याय स्त्रियांना लागू झाला. १९०९ साली पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी विधवांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा त्यांना झुंजावे लागले ते या समजुतीशी आणि परक्या देहाच्या स्पर्शाच्या विटाळाशी.

उपकेंद्रातील आरोग्यसेविका गरोदर बाईचा रक्तदाब मोजते, पायांवरची सूज बोटाने दाबून पाहते, डोके दुखते काय, डोळ्यांपुढे अंधारी येते काय हे विचारते आणि झटके येण्यापूर्वीच तिला रुग्णालयात धाडते. ही नुसती माया नव्हे, शिकून आलेली उपचारज्ञता आहे.

संविधानाच्या अनुच्छेद ४७ नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे; म्हणजे ऋणको राज्य आहे, धनको रुग्ण आहे, आणि परिचारिकेच्या शिक्षणावरील खर्च हे दान नसून त्या ऋणाचा हप्ता आहे. केंद्राने २०२३ मध्ये १५७ नव्या परिचर्या महाविद्यालयांसाठी १,५७० कोटी रुपये मंजूर केले, हे योग्यच; पण ती वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली, म्हणजे पाड्यांपासून दूर, असल्याने पाड्यावरच्या ठाकर वा कातकरी मुलीला शुल्कमाफीइतकीच वसतिगृहाची आणि जेवणाच्या खर्चाचीही गरज राहते. शिक्षणानंतर ग्रामीण सेवेचे बंधपत्र घेणे सर्वस्वी गैर नाही, मात्र कायम पद, राहण्याजोगे निवासस्थान आणि वेळेवर वेतन यांची हमी न देता ते मागण्याचा नैतिक अधिकार शासनाला नाही.