नाणे पेटीत, आठवण कुठे?



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक तरुण आम्हांला भेटला. टांकसाळीने काढलेली चांदीची स्मारक नाणी विकत घेऊन जमविण्याचा त्याला छंद आहे. त्याने विचारले, “फादर, यात काही पाप नाही ना? घरी बायको म्हणते, तुम्ही पैसे उडवता.” आम्ही हसून विषय बदलला. कारण सांगायला हवे. आमच्या कपाटातही अशा नाण्यांच्या काही पेट्या आहेत.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. स्वतंत्र भारतात १९६४ साली पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ पहिले स्मारक नाणे निघाले. १९६९ साली महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीला दहा रुपयांचे चांदीचे नाणे आले. १९७० साली ‘सर्वांसाठी अन्न’ हा संदेश देणारे नाणे आले, तेही चांदीचे. पुढे शंभर रुपयांची मोठी नाणी निघू लागली. त्यांचे वजन बराच काळ ३५ ग्रॅम आणि व्यास ४४ मिलिमीटर असे, त्यात निम्मी चांदी आणि बाकीचे तांबे, निकेल व जस्त असे. ही नाणी बाजारात फिरत नाहीत. टांकसाळ ती पेटीत घालून संग्राहकांना विकते. नाण्यावर शंभर रुपये लिहिलेले असतात, मात्र घेताना त्याच्या कितीतरी पट रक्कम मोजावी लागते. त्यातील ‘प्रूफ’ प्रकारचे नाणे आरशासारखे चकाकते. त्याला उघड्या बोटांनी स्पर्श करायचा नसतो. बोटाचा ठसा उमटला की किंमत उतरते.

आमच्या संग्रहाची सुरुवात एका संताच्या नाण्याने झाली. मदर तेरेजांच्या जन्मशताब्दीनिमित्त ऑगस्ट २०१० मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते दोन नाणी प्रसिद्ध झाली. एक शंभराचे, दुसरे पाच रुपयांचे. पुढे केव्हातरी एका गुरुबंधूने शंभराचे नाणे आम्हांला भेट दिले. मग आणखी एक घ्यावेसे वाटले, मग आणखी एक. संग्रहातली रिकामी जागा डोळ्यांना खुपू लागली. इतिहासाची आवड म्हणून सुरू झालेले काम हळूहळू मोजणीवर आले.

एका जून महिन्यात एक विधवा माउली धर्मगुरूनिवासात आली. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी चार हजार रुपये कमी पडत होते. आम्ही खरोखरच म्हणालो, “बाई, या महिन्यात हात आखडता आहे. पुढच्या महिन्यात पाहू.” हात आखडता होता, कारण आठच दिवसांपूर्वी आम्ही एका नाण्याचे पैसे भरले होते. तिने कानातली गहाण टाकून फी भरली, हे आम्हांला नंतर दुसऱ्यांकडून समजले. तिने आम्हांला त्याबद्दल कधी एक शब्दही ऐकवला नाही. पुढच्या रविवारी ती नेहमीच्या बाकावर बसली होती, तेव्हा आमचे लक्ष तिच्या मोकळ्या कानांकडे गेले.

मग छंद हेच पाप म्हणायचे काय? इतके सोपे उत्तर आम्ही देणार नाही. बेथानी येथे मरियेने प्रभूच्या चरणांना मोलाचे सुगंधी तेल लावले. तेव्हा ते विकून गरिबांना का दिले नाही, असा हिशेब मांडणारा यहूदा होता, आणि प्रभूने त्या स्त्रीची बाजू घेतली. गरिबांचे नाव घेऊन दुसऱ्याच्या आनंदावर बोट ठेवणे सोपे असते. आपल्या वेदीवरचा प्यालाही चांदीचा आहे, त्याची आपल्याला लाज वाटत नाही. सुंदर वस्तू जपणे, तिच्यातून इतिहास शिकणे, ती मुलांना दाखवणे यात माणसाचे मन मोठे होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचे एक उदाहरण आम्ही पाठ केले होते. जोड्याचे दोन उपयोग असतात. तो पायात घालता येतो आणि त्याच्या बदल्यात दुसरे काही घेताही येते. पण जोडा मुळात घालण्यासाठी केलेला असतो. हाच प्रश्न स्मारक नाण्याला विचारून पाहू. ते कशासाठी केले? भाजी घेण्यासाठी नाही. नावातच उत्तर आहे: स्मरणासाठी. म्हणजे जे नाणे आपल्याला कुणाची आठवण करून देते आणि त्या आठवणीने आपल्याला हलवते, त्याचा योग्य वापर होतो आहे. जे केवळ भाव चढण्याची वाट पाहत कुलुपात पडून आहे, ते दृष्टान्तातल्या भित्र्या चाकराने जमिनीत पुरलेल्या पैशासारखे आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी आणखी एक कठोर गोष्ट शिकवली. आपल्या गरजेपेक्षा जास्त जे आपल्याजवळ आहे, त्यावर निसर्गनियमानेच गरिबांच्या पोटाचा हक्क आहे. छंदाला यातून सूट नाही. छंदासाठी थोडे बाजूला ठेवावे, पण दारात आलेल्या माणसाचा वाटा त्यात अडकता कामा नये.

मदर तेरेजा १९४८ मध्ये लोरेटोचा मठ सोडून कोलकात्याच्या वस्तीत गेल्या, तेव्हा त्यांच्याजवळ अवघे पाच रुपये होते असे सांगतात. १९७९ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना त्यांनी आपल्या सन्मानाची मेजवानी रद्द करायला लावली आणि तो पैसा गरिबांसाठी मागून घेतला. ज्यांना कुणी शिवत नव्हते अशांच्या जखमा त्यांनी आपल्या हातांनी धुतल्या. अशा स्त्रीचा चेहरा असलेले नाणे आम्ही बोटही न लावता जपून ठेवले होते, आणि तिच्याच लेकरांपैकी एकीला दारातून परत पाठवले होते. आमच्याजवळ नाणे होते, आठवण नव्हती.

त्या तरुणाला आता आमचे उत्तर असे आहे. बाळा, नाणी जमव. पण विकत घेण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचार. हे पैसे घरातल्या कुणाच्या गरजेतून काढले आहेत का? किंमत बायकोपासून लपवावी लागते आहे का? आणि ज्याचा चेहरा नाण्यावर आहे, तो आज दारात आला तर त्याला तोंड दाखवता येईल का? तिन्हींचे उत्तर स्वच्छ असेल तर निश्चिंत मनाने घे.

आम्ही काय केले तेही सांगतो. नवी नाणी घेणे थांबवले. काही विकून आलेले पैसे सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या शिक्षणनिधीत दिले. त्या माउलीची कानातली सोडवून आणली. देताना मान वर करून बघणे मात्र जमले नाही.

मदर तेरेजांचे नाणे ठेवले आहे. ते आता पेटीत नसते. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात ते मुलांच्या हातून हातात फिरते, आणि मुले विचारतात, “फादर, ही बाई कोण?” बोटांच्या ठशांनी त्याची चकाकी गेली आहे. संग्राहक आता त्याचे फारसे पैसे देणार नाही. पण ज्या कामासाठी ते घडवले होते, ते काम त्याने आता कुठे सुरू केले आहे.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू