पाप सांगायचे ते कोणाला?

उपवासकाळाचे शेवटचे दिवस आले की पापडी, नंदाखाल, माणिकपूर, वसईतल्या कोणत्याही चर्चमध्ये जा, दृश्य एकच असते. जाळीच्या अलीकडे गुडघे टेकलेला माणूस, पलीकडे गळ्यात जांभळा पट्टा घालून कान देऊन बसलेले फादर, आणि मागे लांब रांग. गोव्याच्या कोंकणीत याला कुमसार म्हणतात, आपण पापनिवेदन किंवा सरळ कन्फेशन म्हणतो. रांगेतल्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. प्रॉटेस्टंट सोयरा विचारतो, प्रार्थना मंडळात जाऊ लागलेली बहीण विचारते, हिंदू मित्रही विचारतो: क्षमा करणारा देव आहे, तर मध्ये माणूस कशाला? तुकोबांनी आपले दोष थेट विठ्ठलापुढे मांडलेच ना? प्रश्न प्रामाणिक आहे, आणि ‘आमच्यात तशी पद्धत आहे’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

उत्तर शोधायचे तर योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय उघडावा लागतो. पुनरुत्थानाच्या दिवशीची संध्याकाळ आहे, शिष्य भीतीने दारे लावून बसले आहेत. येशू त्यांच्यावर फुंकर घालून पवित्र आत्मा देतो आणि सांगतो की ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांना क्षमा मिळेल, ज्यांची ठेवाल त्यांची तशीच राहतील. इथे अधिकार दुहेरी आहे, आणि माझा सगळा युक्तिवाद त्या दुहेरीपणावर उभा आहे. ‘देव क्षमा करतो’ एवढीच दवंडी पिटायची असती तर समोरच्याचे काहीही ऐकण्याची गरज नव्हती. पण क्षमा द्यायची की राखून ठेवायची हे ठरवायचे असेल तर पाप काय आहे आणि पश्चात्ताप खरा आहे का, हे कळायला हवे. मनातले कळण्यासाठी माणसाने ते तोंडाने सांगायला हवे. पापनिवेदन हा शब्द त्या वचनात नाही, हे खरे. पण पापनिवेदनाशिवाय ते वचन अमलात कसे आणायचे, हे मला कोणी दाखवलेले नाही.

‘देवाशिवाय पापांची क्षमा कोण करू शकतो?’ हा आक्षेप तर बायबलमध्येच आहे. कफर्णहूमच्या पक्षाघाती माणसाला येशूने क्षमा केली तेव्हा शास्त्र्यांच्या मनात नेमके हेच आले. मत्तयाने त्या प्रसंगाचा शेवट लक्षपूर्वक लिहिला आहे: असा अधिकार माणसांना दिल्याबद्दल लोकांनी देवाचा गौरव केला. ‘माणसांना’, अनेकवचनी. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मध्यस्थ एकच म्हटला आहे, तो ख्रिस्त, आणि कॅथलिकांनाही ते मान्य आहे. पण स्नानसंस्कार कोणी स्वतःच स्वतःला देऊन घेत नाही. प्रॉटेस्टंट बांधवही तो दुसऱ्याच्या हातून घेतात, तेवढ्याने ख्रिस्ताचे मध्यस्थपण कमी होत नाही. मग क्षमेच्या बाबतीतच ते कमी कसे होईल? करिंथकरांना पौल सांगतो की समेटाची सेवा देवाने आमच्याकडे सोपवली. सेवा सोपवली, मालकी दिलेली नाही.

आणखी एक आक्षेप याकोबाच्या पत्रावरून येतो. तिथे ‘एकमेकांजवळ’ पापे कबूल करा असे म्हटले आहे, धर्मगुरूजवळ नव्हे. हा मुद्दा वजनदार आहे, तो झटकून टाकू नये. मात्र लगेच आधीच्या वचनांत आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, आणि त्याने पापे केली असतील तर क्षमा होईल, असे आहे; म्हणजे कबुलीच्या त्या संदर्भात मंडळीचे वडीलही हजर आहेत. एवढे नक्की की याकोबाला केवळ मनातल्या मनात केलेली कबुली पुरेशी वाटत नाही.

आजची पद्धत जशीच्या तशी बायबलमध्ये आहे असे म्हणणारा कॅथलिक मात्र चुकतो. जाळी, खासगी निवेदन, वर्षातून एकदा तरी कबुली देण्याचा १२१५ च्या लॅटरन परिषदेचा नियम, १५५१ मधली ट्रेंट परिषदेची मांडणी, १९७३ चा नवा विधी: हे सगळे शतकांच्या ओघात घडले. आरंभीच्या काळात मोठ्या पापांचे प्रायश्चित्त मंडळीसमोर, दीर्घकाळ चाले. रूप बदलले, पण अधिकार त्या संध्याकाळचाच आहे.

सर्वात गंभीर आरोप वेगळाच आहे: सांगितले की सुटले, मग पाप स्वस्त होत नाही का? गणना या पुस्तकाचा पाचवा अध्याय इथे वाचण्यासारखा आहे. अपराध्याने पाप कबूल करावे, नुकसान पूर्ण भरून द्यावे आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, अशी आज्ञा आहे. शुभवर्तमानातल्या जकातदार जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. कॅथलिक शिकवणीतही चोरीची क्षमा मागणाऱ्यावर परतफेडीचे बंधन राहतेच. एकट्याने देवाशी बोलताना आपण ही अट सहज गाळतो. समोर ऐकणारा असला की ती गाळता येत नाही. वसईत जमिनीला सोन्याचा भाव आला आहे, आणि शेजाऱ्याच्या वाडीचा बांध वीतभर कोरणे हे पाप इथल्या मातीला अनोळखी नाही. तुम्ही यंदा रांगेत उभे राहणार असाल तर आधी तो बांध मूळ जागी सरकवा, भावाशी बोला, मग गुडघे टेका.