वाटणी आणि वाटा

आमच्या घराच्या मधोमध एक भिंत आहे. घर कोलशेतच्या गावठाणातले, खाडीच्या अंगाचे. वडील गेल्यावर दादाने आणि मी ते वाटून घेतले, तेव्हाची ही भिंत. फीत धरून मापे घेतली. ओटी निम्मी झाली, माजघर निम्मे झाले. परसातला आंबा दादाकडे गेला म्हणून दोन माड माझ्याकडे आले. इंचाचा फरक राहू दिला नाही. आणि तरीही, खरे सांगायचे तर, त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला वाटत राहिले की दादाने जास्त नेले. भिंतीपलीकडे दादालाही अगदी हेच वाटत होते, असे पुढे आईकडून कळले.

इतक्या चोख वाटणीने दोघांपैकी एकाचेही समाधान होऊ नये, याचे मला फार दिवस नवल वाटत होते. माझी मजल मॅट्रिकपर्यंतची. शाळेत मुलांना मराठी शिकवावे आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढेच मला जमते. तेव्हा हा प्रश्न मी कुणा शहाण्याकडे नेला नाही. पण उत्तर आपल्या पायांनी चालत आले, आणि तेही भिंतीला भोक पाडून!

उन्हाळ्याच्या सुटीत एका दुपारी भिंतीपलीकडून ड्रिलचा आवाज सुरू झाला. पाहतो तो गुडघ्याएवढ्या उंचीवर भोक पडलेले, आणि त्यातून दोन-तीन वायरी आमच्याकडे डोकावताहेत. पाठोपाठ पुतण्याचा आवाज आला, "काका, रागावू नका हं! ताईचा पडदा आमच्या मशीनला जोडतोय."

पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. त्याचा खेळांचा कॉम्प्युटर म्हणजे काचेची पेटीच. माझ्या मुलीलाही खेळायचे होते. पण तसला दुसरा कॉम्प्युटर घेणे माझ्या पगारात बसण्यासारखे नव्हते. म्हणून त्याने त्याच पेटीत जुन्या बाजारातले आणखी एक ग्राफिक्स कार्ड बसवले आणि एका यंत्राची दोन यंत्रे केली. पेटी दादाच्या घरात. मुलीचा पडदा, कीबोर्ड आणि माउस माझ्या घरात. तिकडे तो मोटारी पळवतो, त्याच घटकेला इकडे ही किल्ले बांधते. आणि दोघांनाही वाटते की सबंध यंत्र आपलेच आहे.

मी मास्तर असलो तरी त्या दिवशी विद्यार्थी झालो. पुतण्याने समजावले ते असे : पेटीत मूळ लिनक्स चालते; ते यजमान. त्याच्या पोटात दोन आभासी यंत्रे, ते पाहुणे. ही कल्पना काही कालची नाही. आयबीएमने आपल्या मोठ्या यंत्रांसाठी व्हीएम/३७० नावाची अशीच व्यवस्था १९७२ साली जाहीर केली होती. एका यंत्रावर अनेकजण बसत आणि प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र हाताशी असल्यासारखे वाटे. खेळाची अडचण मात्र निराळी. प्रोसेसर आणि मेमरी यांचे तुकडे पाडता येतात. घरगुती ग्राफिक्स कार्ड बहुधा सबंधच एकाच्या हवाली करावे लागते. ही सोय व्हीएफआयओ या नावाने लिनक्समध्ये २०१२ साली आली. कार्डाला मेमरीत थेट लिहायची सवय असते. ते शेजाऱ्याच्या हद्दीत शिरू नये म्हणून आयओएमएमयू नावाचा राखणदार मध्ये उभा असतो. कधी मदरबोर्डाची रचनाच अशी असते की दोन वस्तू एकाच दाव्याला बांधल्यासारख्या राहतात. मग एक या पाहुण्याला आणि दुसरी त्याला, असे करताच येत नाही.

"मग वाटणी कशी केलीस?" मी विचारले.

"बारा कोअर आहेत, काका. पाच मला, पाच ताईला. चौसष्ट जीबी मेमरी, अठ्ठावीस-अठ्ठावीस दोघांना."

माझ्यातला मास्तर जागा झाला. "अरे, बेरीज चुकली! दोन कोअर आणि आठ जीबी कुठे गेले?"

"ते यजमानाचे. त्याच्याकडे काही ठेवलंच नाही, तर दोघांचेही खेळ अडखळतात. पहिल्यांदा मी सगळं वाटून टाकलं होतं ना!"

सगळं वाटून टाकलं होतं! मी वर पाहिले. भिंतीच्या माथ्यावर, बरोबर आढ्याखाली, पावसाळ्यातला ओलाव्याचा डाग होता. वाटणी झाल्यापासून ते आढे गळते. कौले माझीही नाहीत आणि दादाचीही नाहीत. म्हणून ती कुणीच बदलत नाही. आम्ही इंचाइंचाने वाटून घेतले, पण घरासाठी म्हणून काही मागे ठेवले नाही. मुलांना निम्म्याहून कमी मिळाले आणि ती तृप्त आहेत. आम्हाला पुरते निम्मे मिळाले आणि आम्ही उपाशी आहोत.

तरी माझे मन एवढ्याने मानेना. ही तृप्ती खोटी तर नाही ना? सबंध यंत्र आपले आहे, हा पाहुण्याचा समज मुळात भ्रमच. कादंबरीकाराने भ्रमाला नावे ठेवू नयेत, हे मला कळते. माझ्या कादंबरीतल्या प्रत्येक पात्राला आपणच नायक आहोत असे वाटले नाही, तर कादंबरी चालतच नाही. पण घर म्हणजे कादंबरी नव्हे. एकत्र कुटुंबात असा भ्रम पुष्कळ बाळगला जाई. सर्वांना पोटभर वाढणारी बाई स्वतः मागाहून काय खाई, हे पंगतीतल्या कुणाला ठाऊक नसे. ते ठाऊक नसण्यावरच पंगतीचा आनंद उभा होता. त्या सुखाला मी तरी निर्मळ म्हणणार नाही.

हे मी पुतण्याला बोलून दाखवले, तेव्हा त्याने एक गमतीची गोष्ट सांगितली. एनव्हिडियाच्या घरगुती कार्डांना आपण आभासी यंत्रात आहोत असा सुगावा लागला, की ती त्रेचाळीस क्रमांकाची तक्रार दाखवून बंद पडत. म्हणून लोक ते पाहुणेपण त्यांच्यापासून लपवून ठेवीत. २०२१ साली कंपनीने हे बंधन काढले. "आता लपवायला लागत नाही, काका. माहीत असलं तरी कार्ड चालतं."

काही खेळांचे पहारेकरी अजूनही आभासी यंत्राला दारातून परत पाठवतात, हेही तो म्हणाला. पण माझे लक्ष त्या आधीच्या वाक्यावरच खिळले होते. माहीत असलं तरी चालतं! सहजीवनाची खरी परीक्षा हीच नव्हे काय? आपल्या वाट्याला सबंध घर नाही, ते कुणीतरी सांभाळते आहे आणि त्या सांभाळणाऱ्याचाही एक वाटा आहे, एवढे ठाऊक असूनही ज्याचे काम न रुसता चालते, तो खरा घरातला माणूस. मी तर त्रेचाळीस क्रमांकाची तक्रार उराशी धरून इतकी वर्षे बसलो होतो! आणि माझी मुलगी खेळते आहे ती दादाच्या मीटरवरच्या विजेवर. वहिनीने त्याचा एका शब्दानेही उच्चार केलेला नाही.

दिवाळीची साफसफाई निघाली तेव्हा मी दादाच्या ओटीवर गेलो. बऱ्याच दिवसांनी गेलो, म्हणून तो जरा चपापला.

"दादा, आढ्याची कौले बदलायला हवीत."

"कुणाच्या बाजूची?"

"आढ्याला बाजू कुठली? घराची."

दादा हसला नाही. गहिवरलाही नाही, तो त्याचा स्वभाव नव्हे. थोडा वेळ वर बघत राहिला आणि म्हणाला, "कौलं तू आण. शिडी माझ्याकडे आहे."

विजेच्या बिलाचे मात्र अजून बोलायचे आहे. ते भाऊबीजेला काढीन म्हणतो.