तार एकाची, दुकान कुणाचं?

‘मोबाइलचं सिम बदलतो तशी वीजकंपनीही बदलता येईल’ हे स्मार्ट मीटरच्या चर्चेत हल्ली हमखास ऐकू येतं. त्यावर आपल्या संभाजीनगरचं उत्तरही ठरलेलं: ‘बघितलंय आम्ही ते, जीटीएलच्या वेळी!’ मला दोन्ही वाक्यं चुकीची वाटतात, दुसरं जरा जास्तच.

मोबाइलवाल्यांच्या लहरी वेगवेगळ्या, पण वीज घरात येते ती एकाच तारेनं. तुलना करायचीच तर लँडलाइनशी करावी. ब्रिटनमध्ये तार बीटी (ब्रिटिश टेलिकॉम) या कंपनीची होती, आणि त्या तारेवर सेवा विकणाऱ्या इतरांची स्पर्धाही बीटीशीच. म्हणून 2006 साली नियामकाच्या रेट्यानं तारेचा कारभार ‘ओपनरीच’ या नावानं वेगळा काढला. तार सगळ्यांना सारख्याच अटींवर. न्यूझीलंडनं 2011 मध्ये तर कंपनीच दोन केल्या. आपल्याकडे ट्राय या दूरसंचार नियामकानं 2004 साली तार खुली करण्याची शिफारस केली होती. सरकारनं ती मानली नाही.

विजेत हे वेगळं काढणं अर्ध्यावरच थांबलं. 2003 चा कायदा, मग 6 जून 2005 रोजी राज्य वीज मंडळाचं विभाजन. निर्मिती आणि पारेषण सुटं झालं. तार आणि बिल मात्र महावितरणकडे एकत्रच राहिलं.

मे 2011 मध्ये शहराचं वितरण फ्रँचायझी म्हणून जीटीएल या खासगी कंपनीकडे गेलं, आणि इथेच सगळे घसरतात. कागदावर पाहा: महावितरण ठरल्या दरानं घाऊक वीज देणार, जीटीएल ती घरोघर विकून वसुली करणार. घाऊक एकाकडे, किरकोळ दुसऱ्याकडे, विभाजनच की! पण परवाना महावितरणचा, ग्राहकाचा दर वीज नियामक आयोगाचा, खांब-तारांची देखभाल त्याच दुकानदाराकडे, आणि दुकान एकच. हा जकातीच्या ठेक्यासारखा ठेका होता. नोव्हेंबर 2014 मध्ये थकबाकीच्या वादात तो मोडला. तारेपासून दुकान वेगळं करण्याची कल्पना या शहरात आलीच नव्हती, तर ती हरणार कुठून?

ती आली मुंबईच्या उपनगरांत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या निकालानंतर, 2009 पासून, रिलायन्सच्या तारेवरून टाटांची वीज घेता येऊ लागली. खरी अडचण तिथे दिसली: मोठी गिऱ्हाइकं निघून गेली, तर लहानांच्या स्वस्त दराचा भार कुणी उचलायचा? आयोगाला क्रॉस-सबसिडीचा अधिभार बसवावा लागला. त्याच भागात दुसऱ्या कंपनीला समांतर परवाना देण्याविरुद्ध जानेवारी 2023 मध्ये वीज कर्मचारी संपावर गेले, तेव्हाही भीती हीच होती. ती मला पोकळ वाटत नाही. फक्त तिला जीटीएलचा दाखला देऊ नये.

वाळूजचा एक मेगावॉटचा कारखाना आज मुक्त प्रवेशाखाली बाहेरची वीज महावितरणच्याच तारेवरून आणू शकतो. मुकुंदवाडीतल्या दोन खोल्यांच्या बिलावरही तारेचं भाडं ‘वहन आकार’ म्हणून वेगळ्या ओळीत छापून येतं. वीज मात्र तिथल्या लोकांनी महावितरणकडूनच घ्यायची.