वारसा कुणाचा?

उत्तर क्वीन्सलँडमधला उसाचा मळा, आजोबांची वसियत, घरातलाच कुणी कपटी, आणि परतून आलेली नात. उष्ण ऑस्ट्रेलियातल्या अशा प्रेमाच्या व रहस्याच्या कादंबऱ्या आम्ही आवडीने वाचतो. त्यात कमीपणा कसला? भाऊबंदकी आणि मुलीचा डावललेला हिस्सा आमच्याही घरांना ठाऊक आहे. शेवटी नातीला मळा मिळतो आणि इन्साफ झाला म्हणून आम्ही पुस्तक मिटतो.

पण आजोबांना तो मळा कुणाकडून मिळाला? तिथल्या उसासाठी १८६३ ते १९०४ या काळात पॅसिफिक बेटांवरून सुमारे बासष्ट हजार मजूर आणले गेले; कितीतरी फसवून, पळवून. पुढे १९०१ च्या कायद्याने उरलेल्यांपैकी बहुतेकांची परत पाठवणी झाली.

आणि जमीन? ती कुणाचीच नव्हती, असे इंग्रजांचा कायदा म्हणे. मग मकासारचे मुसलमान खलाशी देवघेव कुणाशी करत होते? विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ते समुद्रकाकडीसाठी अर्नहेम लँडच्या किनाऱ्यावर येत. तिथल्या योलंगू लोकांशी त्यांचा व्यापार होता, कधी तंटेही होत. योलंगू भाषेत पैशाला ‘रुपिया’ म्हणतात, तो शब्द याच खलाशांनी नेलेला. त्याच योलंगूंचा जमिनीवरचा दावा १९७१ मध्ये न्यायालयाने फेटाळला.

मेर बेटाच्या एडी माबो यांचा दावा मात्र तिथल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने ३ जून १९९२ रोजी मान्य केला. निकाल ऐकायला माबो हयात नव्हते. जानेवारीतच ते वारले होते.